पडद्यावरचे बाबा आणि घरातले काका

हिंदी सिनेमाने आपल्याला खलनायक ओळखायला शिकवलं. तांबारलेले डोळे, हातात ग्लास आणि मागे भीतीदायक संगीत. तो पडद्यावर आला की लहान पोरसुद्धा सांगतं, हा वाईट माणूस! पण वयात येणाऱ्या मुलामुलींना नासवणारा माणूस खरंच असा दिसतो का?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे, किंवा ज्यांच्यावर विश्वासाने मूल सोपवावं असेच होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. म्हणजे शिकवणीचे सर, खेळाचे प्रशिक्षक, गुरू, जवळचे नातेवाईक. त्यांच्या येण्याने संगीत बदलत नाही. उलट आपणच उठून चहा टाकतो.

मग सिनेमा हे कसं दाखवतो? २०२३ साली आलेला ‘सिर्फ एक बंदा काफी है’ पुष्कळ जणींनी पाहिला असेल. एका बड्या बाबावर अल्पवयीन मुलगी आरोप करते आणि साधा वकील तिचा खटला लढतो. आसारामला २०१८ साली जोधपूरच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, त्या खटल्याशी ही कथा बरीच जुळते. मनोज वाजपेयींनी वकिलाचं काम झकास केलंय, वादच नाही. मुलीचं वय खोटं ठरवण्याची बचाव पक्षाची धडपडही सिनेमा नीट दाखवतो. पण लक्षात काय राहतं? वकिलाचं शेवटचं भाषण. माझ्या मते खरं धाडस त्याच्याही आधी घडलंय. मुलीचे आईवडील स्वतः बाबाचे भक्त. ज्याचा फोटो देवघरात, त्याच्याविरुद्ध मुलीचा शब्द खरा मानून ते पोलीस ठाण्याची पायरी चढतात. तो ‘बंदा’ नंतर आला, बायांनो! आईवडिलांनी मुलीलाच गप्प केलं असतं, तर वकिलाला खटला मिळाला असता का?

दुसऱ्या प्रकारचे सिनेमे जास्त घातक, कारण ते सुंदर दिसतात. ‘लोलिता’ ही मूळ इंग्रजी कादंबरी, तिच्यावर १९६२ साली चित्रपट निघाला. एक प्रौढ माणूस मुलीच्या जवळ राहता यावं म्हणून तिच्या आईशी लग्न करतो. म्हणजे नात्याने तो तिचा सावत्र बाप. पण कॅमेरा त्याच्याच नजरेने मुलीकडे बघतो आणि प्रेक्षकही. परिणाम असा, की ‘लोलिता’ म्हणजे पुरुषाला नादी लावणारी पोर, असाच अर्थ जगभर रूढ झाला. गुन्हा त्याचा, बदनामी तिची! आपल्याकडे २००७ च्या ‘निःशब्द’मध्ये साठीचा गृहस्थ मुलीच्या मैत्रिणीत गुंततो. ती अठरा वर्षांची, म्हणून कायद्याला तिथे जागा नाही. पण सुरुवात पोरीनेच केली, ही मांडणी तीच. सोळाव्या वर्षी एखादे सर आवडणं यात पाप काही नाही, ते वयच तसं. पाऊल मागे घेण्याची जबाबदारी सरांची. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा मानत नाही, तो याचसाठी.

आणि मग ‘मॉन्सून वेडिंग’ आठवतो. मीरा नायर यांचा २००१ सालचा हा सिनेमा. दिल्लीतलं लग्नघर, पाहुण्यांची गर्दी. रिया ही वडील नसलेली पुतणी. तेज हे घरातलं वडीलधारं माणूस, पैसेवाले, अडीअडचणीला धावून आलेले. रियाच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा खर्चही तेच करायला निघालेत. लहानपणी याच माणसाने आपल्याशी काय केलं, ते रिया वर्षानुवर्षं गिळून बसलेली. पण तो आता घरातल्या दुसऱ्या छोट्या मुलीला गाडीतून नेतोय असं दिसताच ती सगळ्यांसमोर बोलते. काका ललित आधी डगमगतो, कारण उपकारांचं ओझं! पण दुसऱ्या दिवशी भर लग्नात तो तेजना निघून जायला सांगतो. इथे मारामारी नाही, लांब भाषण नाही. या सिनेमाने आपली खरी अडचण बरोबर पकडली. आपण घाबरतो ते गुंडाला नाही, उपकारकर्त्याला. फी भरणारे काका, भावाला नोकरी लावणारे साहेब, यांना ‘निघा’ कसं म्हणायचं?

मुलग्यांचं तर विचारूच नका. ओनीर यांच्या ‘आय अ‍ॅम’ या चित्रपटात सावत्र बापाने छळलेल्या मुलाची कथा आहे. असे सिनेमे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून ‘मुलाला काय होणार’ हा आपला समज तसाच राहतो.

सिनेमातलं कोर्ट बघून अनेक आया धसका घेतात. त्यांनी पॉक्सो हा २०१२ चा कायदा समजून घ्यावा. तो मुलगा-मुलगी दोघांसाठी आहे. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. सुनावणी बंद खोलीत होते. मुलाचं नाव छापता येत नाही. शिक्षक, पोलीस, नातेवाईक अशांनी गुन्हा केला तर तो जास्त गंभीर धरतात. कळूनही तक्रार न करणं हासुद्धा गुन्हा आहे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी फुकट आहे.

असा सिनेमा लागला की आपण पटकन चॅनेल बदलतो. पुढच्या वेळी नका बदलू. मोठ्या मुलामुलींबरोबर बसून बघा आणि संपल्यावर सहज विचारा, ‘ती आधी का बोलली नसेल रे?’ मग आपण गप्प बसून ऐका. उत्तरात कदाचित ओळखीचं नाव येईल. आलंच, तर ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे मात्र विचारू नका. ‘बरं झालं सांगितलंस’ एवढंच म्हणा, आणि त्या माणसासाठी घराचं दार बंद करा. मग तो कितीही मोठा असो.