वाघिणीत माल कुणी भरायचा?

शाळेच्या प्रदर्शनात छोटी आगगाडी मांडली, की सगळे इंजिनाभोवती जमतात. इंजिन मुलांचं, मुलींच्या वाट्याला झाडं, घरं नि रंगकाम. आणि मालगाडीच्या वाघिणी? रिकाम्या, नाहीतर मूठभर ज्वारी ओतलेल्या. मला हे मुळीच पटत नाही. मालगाडीची खरी गोष्ट मालातच असते!

आपल्या सोलापूर जिल्ह्याचीच छोटी गाडी घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला धावू लागली. पुढे ती 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. दोन रुळांतलं अंतर फक्त अडीच फूट. पण तिनं या भागातला कापूस नि धान्य वाहिलं. वारीच्या गर्दीत तर मालाच्या डब्यांतूनही वारकरी नेले. 2000 नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झालं नि ही गाडी गेली. आता मुलांना ती दिसेल ती अशा प्रतिकृतीतूनच. मग तिच्यात माल नको का?

मैत्रिणींनो, हा माल आपल्या घरातच आहे. फक्त प्रमाण सांभाळायचं. खऱ्याच्या 87 व्या हिश्शाची गाडी असेल, तर ज्वारीचा दाणा तिच्यात मोठ्या कलिंगडाएवढा दिसतो! कोळशासाठी चहाची पूड घ्या. खाली पुठ्ठा, वर डिंक, त्यावर पुडीचा पातळ थर. मध्ये जरा उंचवटा. मीठ घालून घट्ट कणीक मळा, सेंटीमीटरभर लांबीची पोती वळा, ओली असतानाच पातळ सुती कापडानं दाबा, की विणीचा ठसा उमटतो. एकावर एक रचताना थोडी चेपू द्या. भरलेलं पोतं कधी ताठ बसतं का? कापसाच्या गाठींसाठी लाकडाचे छोटे तुकडे कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधा.

पोतं कसं बसतं, हे इंजिनाच्या चित्रातून कळत नाही. ते कळतं धान्य पाखडणाऱ्या, शेंगा फोडणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायकांना. त्यांचं नाव कुठल्या गाडीवर नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच: लेकीला नुसता ब्रश देऊ नका. वाघीण तिला भरू द्या, आणि त्यात काय आहे, ते कुणाच्या कष्टाचं आहे, हे पाहुण्यांना तिलाच सांगू द्या.