बाटलीवरचा त्रिकोण

सामाजिक भान असलेले डिझाइन स्टुडिओ पुण्यामुंबईत आता पुष्कळ झालेत. पण यवतमाळ म्हटलं की त्यांच्या पोस्टरवर काय येतं? भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडं बघणारा म्हातारा. मी इथलाच पेंटर. जयंतीच्या कमानी रंगवल्या, फ्लेक्स आला तसा ब्रश ठेवून संगणकावर बसलो. म्हणून धंद्यातला माणूस म्हणून विचारतो : त्या चित्रात फवारणारा कुठाय?

2017 च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन विसावर माणसं मेली. शेकडो दवाखान्यात पडली. त्यात शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या वावरात रोजानं पंप पाठीवर घेणारे भूमिहीनही होते. लगेच बोभाटा झाला, यांनी तोंडाले फडकं बांधलं नाही! म्हणजे मेला तोच गुन्हेगार.

आता बाटली हातात घ्या. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी लेबलावर एक तिरपा चौकोन ठरवून दिला. जागा किती? लेबलाचा किमान सोळावा हिस्सा. त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग : सगळ्यात जहाल ते लाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. कवटी फक्त लालवर. हिरव्यातही विष आहेच. पण हिरवं म्हणजे जोमदार पीक, हे आमचं लेकरू बी सांगते. आन निळा? निळा तर आमचा झेंडा! तोच रंग इथं धोका सांगतो, हे मजुराले कोण सांगणार? बाटली मालक आणतो, मजुराच्या हाती येतो कालवलेला ड्रम. लेबल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ते विकत घेणाऱ्यासाठी छापलंय, मरणाऱ्यासाठी नाही.

ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून 1972 साली दलित पँथरनं नाव घेतलं, त्यांचा पेपर एमरी डग्लस सजवायचा. जाड काळी रेघ, मोठं चित्र. न वाचणाऱ्यालाही कळावं, म्हणून. भान याला म्हणतात.

तर भानवाल्या दोस्तांनो, या. म्हातारा राहू द्या. पंपाच्या टाकीवर चिकटेल असं चित्र काढा : वाऱ्याच्या उलट फवारू नको, तुंबलेला नोझल तोंडानं फुंकू नको, गरगरलं तर पंप उतरव. आणि मोठ्या अक्षरात लिहा, की फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे हवेत हे त्याच नियमांत आहे, अन् ते मजुराच्या रोजीतून कापायचे नाहीत. मराठीत लिहा, कोलामीत लिहा. छापण्याआधी फवारणाऱ्याला दाखवा. त्याला कळलं तर ते डिझाइन. नाही तर नुसती नक्षी, तुमच्या स्टुडिओच्या भिंतीला लखलाभ!