वस्तीतील शाळा आणि विद्यापीठाचे कर्तव्य

जयपूरच्या जवाहरलाल नेहरू मार्गावर राजस्थान विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. १९४७ साली राजपुताना विद्यापीठ या नावाने ते स्थापन झाले. याच मार्गावर मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थाही उभी आहे. तेथून थोड्याच अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी, जवाहरनगरची कच्ची बस्ती पसरलेली आहे. याच शहरात रत्नांना पैलू पाडण्याच्या आणि लाखेच्या बांगड्या करण्याच्या धंद्यांत बालकांचे हात राबविले गेले. बिहारमधून आणलेल्या मुलांची बांगड्यांच्या कारखान्यांतून वेळोवेळी सुटका करावी लागली. एकाच शहरात ज्ञानाची ही आगारे आणि शाळेला पारखे झालेले हे बालपण शेजारी शेजारी नांदावे, ही विसंगती आकस्मिक नाही. म्हणूनच विद्यापीठांनी परिसरातील शाळांना, मुलांना व कुटुंबांना साहाय्य करावे, हा विचार सर्वस्वी स्वागतार्ह आहे. प्रश्न एवढाच आहे की, हे साहाय्य कोणत्या स्वरूपाचे असावे आणि त्याच्या आडून कोणी कोणती जबाबदारी झटकीत आहे.

या विचाराला देशात मोठी परंपरा आहे. मूळचे उदयपूरचे असलेले शास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ साली आपला अहवाल सादर केला. समाजसेवा हा शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा, अशी शिफारस त्यात होती. त्याचबरोबर राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा आणि श्रीमंत व गरीब यांची मुले एकाच शेजारशाळेत शिकावीत, असेही आयोगाने बजावले होते. राज्यकर्त्यांनी यातले काय उचलले? २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सहा टक्क्यांचे उद्दिष्ट मात्र कोणत्याही सरकारने आजवर गाठलेले नाही आणि शेजारशाळा तर कागदावरच राहिली. विद्यार्थ्यांची सेवा विनामूल्य मिळत होती, ती घेतली गेली. ज्यासाठी तिजोरी उघडावी लागली असती, ते पुढे ढकलले गेले.

या सेवेची टिंगल करण्याचे कारण नाही. वस्तीतल्या मुलाला वाचायला शिकविणारी महाविद्यालयीन युवती त्या वस्तीतल्या मुलींसमोर एक नवी शक्यता उभी करते. ज्याने कधी कच्च्या बस्तीत पाऊल टाकले नव्हते, त्या विद्यार्थ्याला आपल्या देशाचे खरे दर्शन तेथेच घडते. परंतु सद्भावनेला आकड्यांचे भान असावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावयाचे असते, आणि त्यात वृक्षारोपणापासून रक्तदान शिबिरापर्यंत सारे काही येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मिळाले पाहिजे. सहावी ते आठवीसाठी हीच मर्यादा २२० दिवस आणि १,००० तास अशी आहे. स्वयंसेवकाने आपला प्रत्येक तास एकाच वर्गाला दिला, तरी उरलेले ६८० तास कोण शिकविणार? याचे उत्तर एकच आहे: नियमित नेमणुकीचा, पूर्ण वेतनाचा, प्रशिक्षित शिक्षक.

या उत्तराला बगल दिली की काय होते, हे राजस्थानइतके क्वचितच कोणत्या राज्याने अनुभवले असेल. १९८७ साली तेथे स्वीडनच्या साहाय्याने शिक्षाकर्मी योजना सुरू झाली. दुर्गम गावांत शिक्षक पोहोचत नाहीत, म्हणून त्याच गावातील अल्पशिक्षित तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन शाळा सोपविण्यात आली. त्या तरुणांनी निष्ठेने काम केले, यात शंका नाही. परंतु अपवाद म्हणून आलेली व्यवस्था हळूहळू नियम बनू लागली. १९९९ मध्ये राजीव गांधी पाठशाळा आल्या आणि तुटपुंज्या मानधनावरील शिक्षक हीच गरिबांच्या शिक्षणाची रीत ठरू लागली. तात्पुरत्या टेकूलाच खांब समजण्याची ही वृत्ती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांच्या रिक्त जागा कालबद्ध रीतीने भरण्याचे वचन आहे आणि साक्षर नागरिकांनी स्वयंसेवक म्हणून मुलांना शिकवावे, असे आवाहनही आहे. यांपैकी आवाहनाचा गाजावाजा व्हावा आणि वचन विस्मृतीत जावे, हे घडू देता कामा नये.

मग विद्यापीठाने करावे तरी काय? याचाही धडा आपल्याच देशात गिरविला गेला आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांतून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. त्यांनी शिक्षकाची खुर्ची बळकावली नाही. खेड्यातील शिक्षकाच्या बरोबरीने बसून प्रयोग आणि पाठ्यपुस्तके तयार केली. १९७४ साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत आणि पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतील दलित व कष्टकरी कुटुंबांतील मुलांत त्याने काम केले. पाठ्यपुस्तकांची बोजड भाषा सुलभ केली, तर हीच मुले विज्ञानात उत्तम प्रगती करतात, हे डॉ. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दोष मुलांच्या बुद्धीत नव्हता, व्यवस्थेत होता. हे सिद्ध करणे म्हणजेच विद्यापीठीय ज्ञान समाजाच्या उपयोगी आणणे होय. दुर्दैवाने होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली राज्य शासनाने बंद केला. तीस वर्षांचे कार्य एका निर्णयाने थांबू शकते, कारण अशा प्रयोगांना कायद्याचे आणि संघटित जनमताचे पाठबळ लाभलेले नसते.

जयपूरच्या परिसरातही १९७८ पासून दिगंतर आणि १९८७ पासून बोध शिक्षा समिती यांसारख्या स्वयंसेवी संस्थांनी गरीब वस्त्यांतील मुले किती उत्साहाने शिकतात, हे प्रत्यक्षात दाखविले आहे. परंतु दिवा लावणे हे संस्थेचे काम असले, तरी घरोघरी प्रकाश पोहोचविणे हे शासनाचेच काम आहे.

या कर्तव्यात कुचराई झाली की तिची किंमत बालके मोजतात. २५ जुलै २०२५ रोजी झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचे छत कोसळले आणि सात मुलांचा बळी गेला. राज्याच्या राजधानीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकविणारी नामवंत संस्था असताना राज्यातल्या शाळांच्या भिंती तपासल्या जाऊ नयेत काय? प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी दरवर्षी परिसरातील सरकारी शाळांच्या इमारतींची पाहणी करावी, तिचा अहवाल पालकांसमोर मांडावा आणि दुरुस्तीची जबाबदारी शासनावर लेखी निश्चित करावी. खाऊ आणि वह्यावाटपाच्या छायाचित्रांपेक्षा असे कार्य शतपटींनी मोलाचे ठरेल. विद्यापीठांच्या प्रयोगशाळा व ग्रंथालये सुट्टीत वस्तीतील मुलांना खुली व्हावीत. विधी विभागांनी बालमजुरीतून सुटलेल्या मुलांच्या कुटुंबांना त्यांचे हक्क मिळवून द्यावेत. शालेय शिक्षकांना विद्यापीठात पाहुणे म्हणून नव्हे, तर सहकारी म्हणून स्थान मिळावे.

हे उपकार नव्हेत. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर हेच मांडले होते की, शेतकऱ्याच्या श्रमातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि कष्टकऱ्यांची मुले प्राथमिक शिक्षणाला मुकतात. विद्यापीठावर असलेले हे ऋण अद्याप फिटलेले नाही. ते फेडण्याच्या प्रत्येक उपक्रमाला एकच कसोटी लावली पाहिजे: स्वयंसेवक परत गेल्यावर त्या मुलाच्या वर्गात हक्काचा शिक्षक आणि डोक्यावर भक्कम छप्पर उरते काय? विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्या संघटनांनी हा प्रश्न प्रत्येक शाळेच्या दारात विचारला पाहिजे आणि होकारार्थी उत्तर मिळेपर्यंत तो मागे घेता कामा नये.