पणजोबांना कुणी अडवलं होतं?

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मुलाला पुण्याची नोकरी लागली की लगेच सुरू, 'पगारच सगळं का रे?' अहो, आपले पूर्वज दख्खनमधून होळकरांच्या चाकरीला माळव्यात आले, ते काय हवा खायला? पोटासाठीच ना!

1982 साली मला ऑफिसरचं प्रमोशन मिळत होतं, बदली मुंबईची. बाबांचा हट्ट, घर सोडायचं नाही. मी नकार लिहून दिला. पुढची सहा वर्षं कॅश काउंटरवरच! मी शिकवलेला पोरगा माझा मॅनेजर होऊन आला.

मुलांना अडवू नका. हातात किती पडणार, भाड्यात किती जाणार, एवढं मात्र कागदावर मांडायला लावा. नातवाची वजाबाकी मीच तपासली. रविवारी निघाला, सोबत शेवेची दोन पाकिटं.