दुरुस्ती कुठे होईल, हे आधी विचारा

यवतमाळ जिल्ह्यात मिक्सर घेताना आपण वॅट आणि सवलत पाहतो. पहिला प्रश्न वेगळा हवा: बिघडला तर वणीत, उमरखेडमध्ये, झरी-जामणीत तो दुरुस्त कोण करणार? विजेचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट, पण वाहिनीच्या टोकावरच्या गावात कृषिपंप सुरू झाले की तो घसरतो. दाब १८० वर आला तर कॉइलच्या शेगडीची उष्णता जवळपास ४० टक्क्यांनी घटते, कारण ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते. मिक्सरची मोटरही मंदावते, भरल्या भांड्यात अडखळते आणि मे महिन्यात लवकर तापते. म्हणून तांब्याचे वाइंडिंग, ओव्हरलोड स्विच आणि तालुक्यात सुटे मिळणारे कपलर व कार्बन ब्रश मला वॅटच्या आकड्यापेक्षा मोलाचे वाटतात.

ऑनलाइन वस्तू स्वस्त मिळते, हा आक्षेप खरा आहे; तंगीतल्या घराला तो डावलता येत नाही. मात्र सेवा केंद्र यवतमाळलाच असेल, तर एसटीच्या दोन खेपा आणि बुडालेली मजुरी त्याच किमतीत धरायला हवी. कुकरबाबत तर स्वस्ताईचा विचारच नको. २०२१ पासून त्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आणि पक्के बिल मागाच. ग्राहक आयोगापुढे खरेदीचा तोच सरळ पुरावा असतो.