कर्माचा हिशेब कोणी कोणाचा मांडावा?

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाला वर्धा जिल्ह्यातील जाम येथे फाटा फुटतो. एक वाट हिंगणघाटला जाते, दुसरी वरोरा आणि पुढे चंद्रपूरला. चौरस्त्यावर चहापुरते थांबणाऱ्या प्रवाशाला जाम हे एक वळण वाटते, इतकेच. पण हिंदू विचारातील एका जुन्या आणि अवघड प्रश्नाचे उत्तर ज्या ठिकाणी प्रत्यक्ष कृतीतून दिले गेले, ती ठिकाणे या चौरस्त्यापासून एका दिवसाच्या फेरीत येतात. हिंगणघाटला 1914 साली बाबा आमटे यांचा जन्म झाला. वरोऱ्याजवळ त्यांचे आनंदवन उभे राहिले. पश्चिमेला, याच जिल्ह्यात, सेवाग्राम आणि दत्तपूर आहेत. प्रश्न असा आहे : माणसाचे दुःख हे त्याच्याच पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ असेल, तर ते दूर करण्याचे कर्तव्य इतरांवर का यावे?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादसभेतला नाही. आपल्याकडे तो सर्वांत कठोरपणे विचारला गेला तो कुष्ठरुग्णाच्या बाबतीत. अंगावर बधिर चट्टा दिसला की गावात कुजबुज सुरू होई. कोणत्या जन्मीचे पाप फळाला आले, याची चर्चा आधी होई आणि औषधाचा विचार मागाहून. ताट वेगळे, अंथरूण वेगळे, मग घर वेगळे आणि शेवटी गावाबाहेरचे झाड. या वागण्याला शास्त्राचा काहीच आधार नव्हता, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पूर्वजन्मीची पापे आणि देहावरील व्यंगे यांचा संबंध जोडलेला आहे. शातातपस्मृतीसारख्या कर्मविपाकाच्या ग्रंथांत तर कोणत्या पातकाला कोणता रोग, याची यादीच आहे. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने ही पाने झाकून ठेवण्याचे कारण नाही. ती उघडी ठेवूनच पुढे गेले पाहिजे.

कुष्ठरोग हा ईश्वरी कोप मानून रुग्णाला समाजातून हद्दपार करण्याची रीत मध्ययुगीन युरोपातही होती. पण दुसऱ्याच्या अंगणातील केराने आपले अंगण स्वच्छ ठरत नाही. कुष्ठरुग्णांसाठी ख्रिस्ती मिशनने 1874 पासून संघटित काम सुरू केले, त्या वेळी आपला समाज मागे होता, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यातूनच एक आरोप रूढ झाला : हिंदूंचा कर्मसिद्धांतच त्यांना निष्ठुर बनवतो, शेजारी तळमळत असताना ‘त्याचे भोग’ म्हणून पुढे जायला तो शिकवतो. या आरोपाचे उत्तर नुसत्या संतापाने देता येत नाही. सिद्धांत काय सांगतो, हे पाहावे लागते आणि तो मानणाऱ्यांनी काय केले, हेही दाखवावे लागते.

कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन प्रकार आपल्याकडे सांगितले जातात. साठलेले ते संचित, भोगास आलेले ते प्रारब्ध आणि या क्षणी हातून घडत असलेले ते क्रियमाण. पहिल्या दोहोंबद्दल आपण पुष्कळ बोलतो आणि तिसरे विसरतो. वास्तविक माणसाचे स्वातंत्र्य आहे ते या तिसऱ्यात. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला, तो उगाच नव्हे. कर्माचा नियम मानूनही माणूस पराधीन ठरत नाही, हेच त्यांना सिद्ध करायचे होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातही दैव आणि पुरुषकार यांची चर्चा आहे. सारे आयुष्य आधीच ठरलेले असते तर औषधोपचाराला प्रयोजनच उरले नसते, असा चरकांचा रोखठोक युक्तिवाद आहे. कर्मसिद्धांताच्या देशातच आयुर्वेद जन्माला आला, हे टीकाकारांनी आणि आपणही ध्यानात घ्यावे.

परंतु खरी मेख याहून साधी आहे. कर्मसिद्धांत हा प्रथमपुरुषी सिद्धांत आहे. स्वतःवर आपत्ती कोसळली असता एखादी माउली म्हणते, ‘माझे भोग आहेत, ते मी भोगीन’, तेव्हा त्या वाक्यातून तिला धीर मिळतो. ती कोणाला शिव्याशाप देत नाही, सूड घेत नाही आणि पुढचे पाऊल नीट टाकते. तेच वाक्य तिच्या ओसरीवर बसून शेजारीण म्हणते, ‘तुझे भोग आहेत, तू भोग’, तेव्हा त्याच शब्दांचे विष होते. शब्द तेच, फक्त पुरुष बदलला. स्वतःकडे पाहण्यासाठी दिलेला आरसा आपण दुसऱ्यावर फेकण्याचा दगड केला. तो दगड फेकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? स्वतःचा मागचा जन्म ज्याला आठवत नाही, तो दुसऱ्याच्या मागच्या जन्माचा निवाडा कोणत्या पुराव्यावर करतो? कर्माची गती जाणणे अवघड आहे, असे गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतच सांगतात. मग गावच्या पारावर ती इतकी सोपी कशी होते?

आणि समजा, समोरच्याचे दुःख त्याच्या प्रारब्धाचे आहे. तरीही ते माझ्या दारात आले, त्या क्षणी माझे क्रियमाण सुरू झाले. त्याच्या खात्यात काय लिहिले आहे, हे मला ठाऊक नाही. मी दार उघडले की लावले, हे मात्र माझ्या खात्यात निश्चित लिहिले जाणार आहे. ज्याचा कर्मावर खरोखर विश्वास आहे, त्याला दार लावून घेण्याचे भय वाटले पाहिजे.

वर्धा जिल्ह्यात हे भय आणि ही करुणा कृतीत उतरली. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्याच विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा आरंभली. सेवाग्रामला संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश केले. परचुरे शास्त्रींची कुटी सेवाग्रामला आजही पाहता येते. शास्त्र जाणणारा ब्राह्मणच रुग्ण होऊन दारात उभा राहिला होता. कर्मविपाकाची यादी तेथे कोणी उघडली नाही.

पुढे बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि 1951 साली आनंदवनाचा आरंभ विनोबांच्या हस्ते झाला. बाबांच्या नंतरच्या काळातील राजकीय भूमिकांशी अनेकांचे मतभेद असतील. परंतु बोटे झडलेल्या हातांनी खडकाळ माळरानावर विहिरी खोदल्या, धान्य पिकवले, हे सत्य मतभेदांच्या पलीकडचे आहे. ज्यांना समाजाने भोगाचे धनी ठरवले, त्यांना बाबांनी कर्माचे धनी केले.

हाच धागा चांपापर्यंत पोहोचतो. सदाशिवराव कात्रे हे संघाचे स्वयंसेवक स्वतःच कुष्ठरोगाने ग्रस्त झाले. प्रारब्धाला दोष देत आयुष्य काढणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी 1962 साली, आज छत्तीसगढमध्ये असलेल्या चांपा परिसरात भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. अमरावती जिल्ह्यातील दामोदर गणेश बापट यांनी पुढे आपले सारे आयुष्य त्याच कार्याला वाहिले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांची इहलोकीची यात्रा संपली. एक स्वतः रुग्ण, दुसरा पूर्ण निरोगी. दोघांनी कर्माचा अर्थ एकच लावला.

कोणी विचारील, 1873 साली नॉर्वेच्या हॅन्सनने कुष्ठरोगाचे जंतू शोधले, तेव्हा पापाची कल्पना निकालात निघाली नाही काय? रोगाचे कारण म्हणून ती निघालीच, आणि ते योग्यच झाले. रोग कसा होतो, हे सूक्ष्मदर्शकाने सांगावे. जगावे कसे, हे धर्माने सांगावे. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या सहा महिने किंवा वर्षभर नीट घेतल्या की रुग्ण पूर्ण बरा होतो. त्या गोळ्या कोणाचा मागचा जन्म विचारत नाहीत. आपणही विचारू नये.

हे सारे कुष्ठरोगापुरते नाही. अस्पृश्यतेलाही पूर्वकर्माचाच आधार दिला गेला. जन्मच पापाचा पुरावा ठरवून लक्षावधी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या शिक्षा दिली गेली. 1974 च्या मे महिन्यात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध निषेध केला, तो या विकृत अर्थाचाही निषेध होता. आजही दिव्यांग मुलाच्या आईला ‘मागच्या जन्मीचे’ हे शब्द ऐकावे लागतात. विदर्भात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या विधवेचे सांत्वन ‘नशिबाचे भोग’ म्हणून केले जाते आणि बँक, बियाणे, भाव, पाऊस यांचा विचार करण्याची जबाबदारी सर्वांच्या डोक्यावरून उतरते. असे सांत्वन म्हणजे सोवळे नेसलेला आळस होय.

कायदा बदलला आहे. कुष्ठरुग्णांना कोंडून ठेवणारा 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी 2019 साली काढून टाकण्यात आल्या. परंतु जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात, दरवर्षी सुमारे एक लाख. त्यांतील कित्येक जण लोकलाजेस्तव चट्टा लपवतात आणि उपचाराला उशीर होऊन बोटे गमावतात. ही लाज कायद्याने जाणार नाही. ती घराघरांतून, शाखेशाखेतून आणि कीर्तनाच्या फडातून जायला हवी.

पुनर्जन्म मानणाऱ्या माणसाला एक गोष्ट विशेषत्वाने उमगायला हवी. पुढच्या जन्मी आपण कोणत्या घरात, कोणत्या देहाने येऊ, हे त्याला ठाऊक नाही. ज्या दारातून आज एखाद्याला हाकलले जाते, त्याच दारात उद्या हात पसरून उभे राहण्याची पाळी आपल्यावर येऊ शकते. म्हणून मुलांना कर्मसिद्धांत जरूर शिकवावा, पण तो अशा शब्दांत : माझ्या दुःखाचा हिशेब मी ठेवीन, आणि दुसऱ्याचे दुःख दिसले की हिशेब न मांडता हात पुढे करीन.