म्हणणं पटवायचं कसं?



महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते हे गाव लागतं. चिंतामणराव देशमुखांचा जन्म इथला, 1896 सालचा. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. मुंबईतल्या गोळीबाराच्या चौकशीची मागणी इतरही करत होते. पण खुर्ची सोडून बोलणाऱ्याच्या शब्दाला वेगळं वजन आलं.

आपल्यापैकी बहुतेकींकडे सोडायला खुर्चीच नसते. उलट, बाई बोलायला उभी राहिली की आधी तिचीच उलटतपासणी होते. रडली तर ‘नाटकं करते’, शांतपणे बोलली तर ‘हिला काही झालेलं दिसत नाही’. मग आपलं म्हणणं पटवायचं कसं?

मला याचं उत्तर महाडच्या इतिहासात दिसतं. डिसेंबर 1927 मध्ये, मनुस्मृती जाळली त्या परिषदेनंतर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून, अंगावरच्या जड दागिन्यांवरून जात ओळखू येते. ते बदला, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी या बायांची कीव केली नाही. त्यांच्या स्वाभिमानाला हाक दिली आणि दुसऱ्याच दिवसापासून करता येईल असं काम सांगितलं. अनेकींनी नेसणं लगेच बदललं.

कोर्टात मात्र नुसत्या भावनेवर भागलं नसतं. चवदार तळ्यावर अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असा तिथे सवर्णांचा दावा होता. तो त्यांना सिद्ध करता आला नाही. मार्च 1937 मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे’ असं कुणी म्हटलं, की ‘पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?’ हे आपणही विचारायला हवं.

आपली कितीतरी निवेदनं अजून ‘आम्ही गरीब, अडाणी बायका’ अशी सुरू होतात. मला हे खटकतं. दया म्हणून मिळालेलं उद्या काढूनही घेतलं जातं. दारूचं दुकान बंद करायचं असो की घरावर बाईचं नाव लावायचं असो, मागणी हक्काची आहे, हे पहिल्या ओळीतच यावं. मग अर्जाची तारीख, पोच, सह्या, आणि काय घडलं ते नेमक्या शब्दांत. आकडा फुगवू नये. एक खोटा निघाला की उरलेल्या खऱ्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आणि एखादीचं दुःख सभेत मांडायचं तर तिला विचारूनच. ती आपल्या भाषणातलं उदाहरण नाही.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. अनेक ठिकाणी ती सह्यांपुरतीच उरते. ती खरोखर भरवूया आणि कोण काय बोलणार, कोणता कागद कुणाजवळ असेल, कोण कुणाच्या पाठीशी उभी राहील, हे तिथेच ठरवूया. एकटीचा आवाज दाबणं सोपं असतं. तयारीने आलेल्या वीसजणींचा तितका सोपा नसतो.